अडीच तासांवरचं माहेर

४ नोव्हेंबर, कोडोली (कोल्हापूर)
आप्पांनी आज पुन्हा विचारलं, मस्कत ते मुंबई किती लांब? मोबाईलवर बघून सांगितलं. पंधराशे सत्तर किलोमीटरच्या आसपास, विमानाने अडीच तास. आप्पा खूश. "हितनं मुंबईला जायला अख्खी रात जाती. मस्कत जवळच झालं की." ताईचं पहिलं बाळंतपण इथेच करायचं, ठरलं. आठवा लागलाय तिला. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मी एकदा काही सांगितलं की मग कुणी दुसऱ्याला विचारत नाही. भीती त्याचीच वाटते.

७ नोव्हेंबर
आई म्हणते, न्यायला मुराळी गेल्याशिवाय लेक निघत नसते. तिकडे दाजींना सुट्टी नाही. इथे पासपोर्ट एकटीचा, माझा. पुढे बाहेर शिकायचं म्हणून हौसेने काढलेला. काका म्हणाले, "बाप्यांनी घरात बसायचं आन् पोरगी मुराळी. लाडू तरी नीट ने, विमानात सांडशील." मी ताठ मानेने म्हटलं, बाईने मुराळी का होऊ नये? आता भरलेली बॅग तिसऱ्यांदा उपसून भरतेय. विमानात कधी बसले नाही. आणि वर, आभाळात ताईला काही झालं तर...

१३ नोव्हेंबर, मस्कत
ताईचे पाय सुजलेत. दाजींच्या सपाता घालून चालते. डॉक्टरबाईंनी तपासलं, विमान किती तासांचं विचारलं. अडीच, मी म्हटलं. मग चालेल म्हणाल्या, पत्र दिलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं. मुंबईपुढचा रात्रभराचा रस्ता हिशोबात धरलाच नव्हता. मी नाही, कुणीच नाही. परत आत वळले तर ताईने मनगट धरलं.
"गप ए शहाणे. पत्र काढून घेतील. मला आईजवळ जायचं हाय."
गेले नाही आत.

१५ नोव्हेंबर, मुंबई विमानतळ
सकाळी उतरलो. वर काही झालं नाही. ताई झोपली, मी सगळा वेळ तिच्या पोटाकडे बघत. कोल्हापूरचं विमान आज नाही, गाडी सांगितलीय. आप्पांचा फोन, "आलासा की. आता काय, घरातच हाय." ताई उठताना कंबर दाबून धरते. विचारलं तर, "काय न्हाय."

तोच दिवस, सातारा
खंबाटकीच्या घाटापासून कळा. सीटचं कापड मुठीत धरून ताई म्हणत होती, "थांबू नका. अडीच तासच राहिलंय." मी ड्रायव्हरदादांना पहिल्या दवाखान्याकडे वळायला सांगितलं. त्यानंतर ताई माझ्याशी बोलली नाही.
आत नेलंय. दिवस भरलेले नाहीत, बघू, एवढंच सिस्टर म्हणाल्या. मग, "तुम्ही कोण यांच्या?"
"मुराळी." बहीण म्हणायचं सुचलंच नाही.
त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. "मग बसा हितंच. हलू नका."
दार बंद आहे. आप्पांचा फोन वाजतोय. किती लांब राहिलंय, हेच विचारणार.