चार बोटं माया

३ नोव्हेंबर

त्या सकाळी दूध तापवलं, ओटा पुसला, दुकानात ह्यांना चहा नेऊन दिला. माझाच कोट शिवत होते. म्हणाले, "बाह्या तेवढ्या राहिल्यात. दुपारी जोडतो." दुपार आलीच नाही. दोन वर्षं झाली. कोट तसाच, बिनबाह्यांचा, कपाटात.

आज लेक आली आणि सरळ कपाट उघडलं! "आई, मला ह्याचा सोफा करायचाय."

म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना? तर कोट नको, मापं हवीत. भिंतीएवढा कोट करणार, त्याच्या मांडीत तीन माणसं बसणार, कॉलरला डोकं टेकणार. बाह्या दोन्हीकडून कवेत घेणार! सोळा तारखेला प्रदर्शन आहे. नोकरी सोडून ह्यात पडली आहे पोरगी. "फसलं तर पुन्हा नोकरी," हसत म्हणाली. पण ओठ चावत होती.

९ नोव्हेंबर

तिच्या कारखान्यात जाऊन आले. बटणं परातीएवढी! एका भोकातून खिडकीसारखं डोकावून पाहिलं, तर सुतार म्हणतो, "मावशी, पडदा लावून देऊ का?"

१३ नोव्हेंबर

खोळ चढेना. वीतभर कमी! लेक फरशीवर बसून रडायला लागली. "मापं बरोबर होती गं! पाचपट केली, सूतभरही चूक नाही."

"आणि माया?"

"आई, आता माया कसली काढतेस!"

शिंप्याची पोर ही! शिवणीच्या आत दडवायचं जास्तीचं कापड, त्याला माया म्हणतात. हिने कोट वरून मोजला. प्रत्येक शिवणीने आपापला घास घेतला. आणि खोळीचं निळं कापड संपलेलं.

घरी येऊन शब्दकोश काढला. दुकानातल्या रद्दीवर अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले, तेव्हा ह्यांनी आणून दिलेला. माया — ममता, भ्रम, धन. शिंप्याची माया अगदी शेवटी.

१४ नोव्हेंबर

तिला दाखवायला कोटाचं अस्तर उसवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कात्री लावली.

एरवी हे बोटभर माया ठेवत. इथे चार बोटं!

लेक म्हणाली, "बाबांना ठाऊक होतं, तू अंगाने सुटणार!"

हसले. मग रडले. मग परत हसले.

ती मात्र अस्तराकडे बघत बसली. पिवळंधमक अस्तर. "आई, निळं नाही ना? मग पिवळं!" संध्याकाळपर्यंत बाजारातून पिवळं कापड आणून, खोळ दोन्ही कडांना उसवून त्याच्या पट्ट्या घातल्या. ह्या वेळी माया मी मोजली. चढली!

१६ नोव्हेंबर

काय गर्दी! जो तो पिवळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारतोय, "ही कल्पना कुणाची?" लेक म्हणाली, "बाबांची." एक आजोबा बाहीत शिरले ते उठेनात. त्यांची बायको म्हणाली, "राहू द्या, घरीही असेच असतात." दोघा गिऱ्हाइकांनी तर असाच सोफा करून मागितला. लेक कानात पुटपुटली, "नोकरी गेली खड्ड्यात!"

सगळे गेल्यावर मी बसले. बाह्या अंगाभोवती घेतल्या. लेक दिवे मालवायला आली आणि न मालवता परत गेली.

१७ नोव्हेंबर

माझ्या कोटाच्या बाह्या जोडल्या. कमरेला दोन बोटं माया उसवावी लागली. दोन अजून शिल्लक आहेत. कोट घालून बाजारात जाऊन आले.