साडेपाचच्या गाडीतले नाट्यमंडळ

गारगोटी,
४ फेब्रुवारी १९७९

प्रिय दत्तोपंत,

एरवी मी तुला नुसते ‘दत्तू’ लिहितो. या वेळी ‘पंत’ जोडले आहे, कारण गेल्या आठवड्यात आलेले तुझे पत्रही मित्राचे नव्हते, वरपित्याचे होते. आमची कालिंदी चि. वसंतला पसंत आहे, वहिनींनाही आहे. अडचण एवढीच की तुझ्या मेहुण्यांनी तिला गारगोटीच्या एस्टीत चारचौघांसमोर ऊर बडवून रडताना पाहिले, आणि ती नाटकाची तालीम असल्याचे त्यांना मागाहून कळले. तेव्हा हे प्रकार साखरपुड्यापूर्वी कायमचे थांबावेत, आणि येत्या रविवारी सांगलीला होणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेस तिने जाऊ नये, अशी तुझी अट आहे. मेहुण्यांनी पाहिले ते खरे आहे. परंतु ते बिद्रीला चढले आणि कळंब्याला उतरले. त्यापूर्वीचे आणि त्यानंतरचे त्यांना ठाऊक नाही. ते मी क्रमाने लिहितो. उत्तर शेवटी देईन.

आपण दोघे पुण्यात खोली घेऊन शिकलो. त्यामुळे तास संपल्यावरही कॉलेज चालू असते, ही गोष्ट आपण गृहीत धरली. कालिंदीच्या कोल्हापूरच्या कॉलेजात निम्म्याहून अधिक मुले एस्टीचा पास काढून येतात. कोणी मुरगूडहून, कोणी राधानगरीहून, कोणी आमच्या बाजूने. त्यांना तिथे ‘गाडीची मुले’ म्हणतात. वाङ्मय मंडळ, वादविवाद मंडळ, नाट्यमंडळ या सर्वांचे काम तास सुटल्यावर सुरू होते, आणि नेमके तेव्हाच ही मुले स्टँडच्या दिशेने धावत असतात, कारण साडेपाचची गाडी चुकली की पुढे थेट मुक्कामाची. परिणामी मंडळांच्या फलकावर वर्षानुवर्षे शहरातलीच नावे. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर कालिंदी नाट्यमंडळाच्या प्राध्यापकांना भेटली. ते सज्जन गृहस्थ आहेत. गाडीच्या मुलांनी संमेलनाला प्रेक्षक म्हणून अवश्य यावे, असे त्यांनी तिला अगदी प्रेमाने सांगितले.

शाहूपुरीतल्या पेढीवरून मीही त्याच गाडीने परततो, हे तुला माहीत आहे. एरवी ती माझ्या शेजारी बसते. त्या संध्याकाळी ती सरळ मागच्या बाकांकडे गेली आणि मुदाळ तिट्टा येईपर्यंत तिथे मोठी खलबते चालली होती. दुसऱ्या दिवशी कळले की गाडीतच नाट्यमंडळ स्थापन झाले आहे. मुदाळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, आकाराम, एकांकिका लिहिणार. तालीम जाता-येता गाडीत. वाहक जोतीराम यांनी प्रथम कपाळाला हात लावला, मग मागचे बाक त्यांना देऊन टाकले. गर्दी वाढली की त्यांचा आवाज येई, “नाटकवाल्यांनी मागं सरा, पावण्यास्नी बसू द्या.”

एकांकिका साधी होती. वडील वारल्याची तार येते, शहरातली भावंडे गावी निघतात आणि पोचेपर्यंत घराच्या वाटणीवरून भांडतात. धाकट्या बहिणीचे काम कालिंदीकडे. तार वाचून तिने रडायचे असे, आणि रोज रडण्याचे परीक्षण करायला बयाबाई हजर असत. या बाई भाजीची पाटी घेऊन कोल्हापूरच्या मंडईत जातात. त्यांचा अभिप्राय रोखठोक असे. “काल बरी रडत हुतीस की गं. आज बा मेल्यागत वाटंना.” मी पुढच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसत असे. पान उलटायचे मात्र राहून जाई.

गणेशोत्सवात त्यांना कॉलेजात पहिला प्रयोग मिळाला, आणि जे घडले ते फक्त याच मुलांच्या बाबतीत घडू शकले असते. सगळी तालीम धावत्या गाडीत झालेली. रंगमंचावर उभी राहताच पाचही जणांचा एकेक हात आपोआप वर गेला, जणू डोक्यावर दांडी आहे. संवाद इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणायची सवय. त्यामुळे बापाच्या मरणाची बातमीही ओरडून सांगितली गेली. शिवाय सगळे जागच्या जागी डुलत होते. मागच्या रांगेतून कोणीतरी “तिकीट, तिकीट” अशी आरोळी ठोकली आणि सभागृह हसून फुटले. प्रयोग पुरा झाला, पण तो कोणी ऐकला नाही.

त्या दिवशी परतताना आकाराम म्हणाला की आता पुरे, आपला हा धंदा नव्हे. कालिंदीने त्याला विचारले, “आपले हात वर जातातच ना? मग जाऊ देत. ती भावंडं गावी कशानं निघालीत?” त्या एका प्रश्नावर एकांकिका पुन्हा लिहिली गेली. घर गेले, दिवाणखाना गेला. सारे नाटक एस्टीत घडू लागले. वर टांगलेली दांडी, दोन रांगा खुर्च्यांच्या, आणि हेलकावे जिथे पाहिजेत तिथेच. दत्तू, चुकीतून सुटण्याच्या पुष्कळ वाटा मी व्यवहारात पाहिल्या आहेत. चूक हीच नाटकाची जागा करणारी माणसे मी यापूर्वी पाहिलेली नव्हती.

जानेवारीत संमेलन झाले. सांगलीला कोणती एकांकिका जायची याची निवड त्यातूनच होणार होती. आमच्या गाडीचे निम्मे उतारू आले होते. बयाबाई तिसऱ्या रांगेत, मांडीवर रिकामी पाटी. शेवटी असे आहे की भाऊ घर विकायचे ठरवून मोकळे होतात, गाडी थांबते, आणि बहिणीने काही क्षण गप्प राहून ‘गाव आलं’ एवढेच म्हणायचे. कालिंदी गप्प राहिली. ती इतकी गप्प राहिली की मलाही धास्ती वाटली. पोर विसरली असे समजून बयाबाई तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आगं, बोल की. गाव आलं म्हण.” मी डोळे मिटून घेतले. हसण्याचा आवाज आला नाही म्हणून उघडले. कालिंदी त्यांच्याकडे वळली होती, गाडीत शेजारणीकडे वळावे तशी, आणि भरल्या आवाजात म्हणाली, “व्हय मावशी. आलं गाव.” पडदा पडला आणि टाळ्या थांबेनात. परीक्षकांनी आपल्या भाषणात, प्रेक्षकांत बसवलेल्या त्या प्रौढ कलावतीचा अभिनय विशेष नैसर्गिक असल्याचा उल्लेख केला. बयाबाईंनी मला विचारले, “कोन वो ती बाई?”

निवड झाली. फलकावर नावे लागली, त्यांत शहरातले एकही नाही. मी ती पेढीवर जाण्यापूर्वी मुद्दाम वाट वाकडी करून वाचून आलो.

आता तुला एका गोष्टीची आठवण देणे भाग आहे. आपल्या कॉलेजात नायिकेचे काम करायला एकही मुलगी तयार नव्हती, म्हणून तू नऊवारी नेसून, अंबाडा बांधून उभा राहिला होतास. तुझे वडील पहिल्या रांगेत होते, आणि ते परगावच्या लोकांना ‘तो आमचा मुलगा’ असे बोट दाखवून सांगत होते. त्यामुळे तुझे लग्न कोठेही अडले नाही. मी विंगेत पुस्तक धरून उभा होतो; मलाही तुझा अभिमान वाटला होता.

तुझे पत्र मी कालिंदीपुढे ठेवले, कारण संसार तिला करायचा आहे. तिने ते शांतपणे वाचले. वसंतविषयी तिचे मत चांगले आहे, हे मी लपवीत नाही. साखरपुड्याची साडीही तिने मनाशी ठरवली होती. मग ती म्हणाली, “आज नाटक सोडलं, तर उद्या काय सोडायचं ते कोण सांगणार, बाबा?” सौ.ने एकवार तिच्याकडे आणि एकवार माझ्याकडे पाहिले. चांगले स्थळ हातचे जाते याची तिला काळजी आहे, आणि ती अनाठायी नाही. तिचे म्हणणे पडले की पुन्हा विचार करावा. मी केला. आठवडा त्यातच गेला.

तर उत्तर असे. कालिंदी रविवारी सांगलीला जाणार, आणि मी व सौ. तिच्याबरोबर जाणार. सोबत चि. वसंतची पत्रिका सन्मानपूर्वक परत पाठवीत आहे. हे दोन ओळींत कळवता आले असते. परंतु तू ज्या मुलीला नाकारत आहेस ती कोण आहे, हे तुला माझ्याकडून, पूर्ण कळावे म्हणून हे पत्र लिहिले. वसंतला ते वाचू द्यावेस, एवढी विनंती. लिहून झाल्यावर मी ते कालिंदीला दाखवले. तिने एकच दुरुस्ती सुचवली. ती म्हणाली, “मनात राग नाही असं तुम्ही लिहिलंयत. तो आहे, बाबा.” ते वाक्य मी काढून टाकले आहे.

तुझाच,
माधव