नऊ कोसे

डोंगरटोला, ता. गडचिरोली
८ जुलै १९५४

प्रिय शालिकराम,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, तुझ्या बाईचा आशीर्वाद. सारे खुशाल आहेत असं आधी लिहायची रीत आहे, पण सोमवारपासून माझा भात दोनदा करपला, त्यावरून काय ते ओळख. माझ्या मंगलीने चोरी केली आणि ती सापडली.

भैयाजीच्या ओसरीवर बियाण्याच्या रेशमी कोशांच्या माळा टांगलेल्या असतात, तुला ठाऊकच आहे. त्यातले सात काढून तिने आमच्या आढ्याला टांगलेल्या टोपलीत लपवले. दुसरं काही चोरलं असतं तर पचलंही असतं. पण सोमवारी दिवस मावळताना कोसे फुटले, पतंगांच्या माद्या बाहेर आल्या, आणि त्यांच्या वासाने भैयाजीच्या माळांवरचे नर उडत उडत थेट आमच्या कुडावर येऊन बसले! त्यांच्यामागे भैयाजी, भैयाजीमागे अर्धा गाव. मला हसू आलं रे, खोटं कशाला सांगू? मग त्याने पोरीचं मनगट धरलं आणि हसू जिरलं.

का चोरले विचारलं, तर म्हणते, "मले बी कोसा पाळाचा हाये. बाबा मले रानात येऊ देत नाई." बाईमाणसाची सावली पडली की रानात ऐनाच्या झाडांवर पाळलेल्या कोशाच्या अळ्या मरतात, हे काय तिला माहीत नाही? अकरा वर्षांची आहे, सारं कळतं. तू तिच्याएवढा होतास तेव्हा आपल्या बाबांच्या माळेतले कोसे काढून गोट्या खेळलास. बाबा हसले होते. तेच सारखं आठवतं आणि राग येतो. तुझा नाही, पण येतो.

भैयाजी म्हणतो, "शाळेनं धीट झाली पोरगी. शाळा बंद करा, नाई तं गडचिरोलीच्या ठाण्यात देतो." येत्या सोमवारी पंच बसतील. तुझे भाऊजी मान खाली घालून आधीच हो म्हणून आले. ठाण्याला ते भितात, मीही भिते. पण शाळा सुटली तर ही माझ्यासारखी होईल. तुझं दप्तर मी शाळेच्या दारापर्यंत आणायची आणि तिथूनच परत फिरायची, आठवतं? दारातून ऐकू आलं तेवढंच माझं शिक्षण.

उठते, बसते, दारात जाते, परत येते. कशात मन लागत नाही. दसरूची बैलबंडी उद्या तुझ्या मूल गावाला निघते आहे असं कळलं, तेव्हा तिच्यासोबत पत्र धाडायचं ठरवलं. अक्षर तू ओळखलंच असशील. गुरुजींकडून लिहून घेतलं असतं तर भाऊजींच्या कानावर गेलं असतं, म्हणून मंगलीची चोरी मंगलीलाच लिहायला लावली. मी बोलते, ती शाळेतल्या भाषेत मांडते. आता पुढचं तिलाही नवीन आहे. शालिकराम, रविवारच्या आत ये आणि हिला मूलला घेऊन जा. तू मास्तर आहेस, तुझ्याच शाळेत घाल. तिचा हात थांबला आहे. लिही म्हटलं पोरी, लिही.

तुझीच बाई,
भागीरथा
(अंगठा)

मामा, हे आईने सांगितलेलं नाही. कोसे सात नव्हते, नऊ होते. दोन गोठ्यात ठेवले होते, ते कुणाला सापडले नाहीत. त्यातल्या मादीने अंडी घातली, ती मी पानाच्या द्रोणात ठेवली आहेत. आठ दिवसांत फुटून अळ्या निघतील. मूलला तुमच्या घराजवळ ऐनाचं झाड आहे का?