पायऱ्यांऐवजी उतार

१४ मार्च

धाकटीस,

नाही, मला कुणी फसवलेलं नाही. म्हातारी घर बांधतेय म्हटलं की सगळ्यांच्या मनात हेच येतं, तुझ्याही आलंच असेल. आधी आकडा ठरला, मग सह्या झाल्या. सिमेंट महागलं तर डोकेदुखी कंत्राटदाराची. माझं मन बदललं तर माझी. आर्किटेक्ट बाईंनी ते कलम मला दोनदा वाचून दाखवलं. म्हटलं, "बाई, शाळा चौथीत सुटली, कान शाबूत आहेत."

बाकी आशीर्वाद, तो काय दरवेळी लिहायचा. मी बरी आहे. तुझ्या कमरेचं तुझ्या लेकाकडून कळलं. काठी जाऊन वॉकर आला म्हणे.

घर बैठं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर. कंत्राटदार रोज नवं काहीतरी घेऊन यायचा. "मावशी, ही फरशी बघा, थोडे वरचे पडतील." "वरचे तुझ्या खिशातून," मी म्हणायचे. आता मी दिसले की तो पाण्याच्या टाकीमागे जातो.

बदल एकच केला. नकाशात दारापुढे तीन पायऱ्या होत्या. त्या काढून लांबलचक उतार घेतला, दारं रुंद केली. बाई म्हणाल्या, "आजी, आकडा तोच ठेवायचा तर दुसरं काहीतरी सोडा." स्वयंपाकघराची मोठी खिडकी सोडली. भाजी काय, मी डोळे मिटूनही चिरते.

"घरात कुणाला चालायचा त्रास आहे का?" बाईंनी विचारलं.

"घरात कुणी नाही," म्हटलं.

चार वर्षांपूर्वी तू माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर येत होतीस. दुसऱ्यावर काठी टेकून दम खात थांबलीस, आणि मी वरून ओरडले, "आता काय, तुझ्यासाठी घर खाली आणू?" तू तशीच मागे फिरलीस. काठीचा आवाज पार तळापर्यंत ऐकू येत होता. मी कठडा धरून उभी. हाक मारली नाही.

तर, आणलं खाली.

परवा किल्ली मिळाली. कंत्राटदाराला विटांनी भरलेली हातगाडी उतारावरून आत न्यायला लावली, डाव्या हाताच्या खोलीपर्यंत. कुठे अडली नाही. ती खोली रिकामी आहे.

यायचं तर ये. का, कशाला, ते विचारायचं नाही. मी सांगणार नाही.

थोरली