छान म्हंजे कशी?

आई, परवा वाचनालयात एका बाईंनी विचारलं, "तुमचं लिहिलेलं डोळ्यांसमोर उभं राहतं. कुणाकडून शिकलात?" मी हसून विषय बदलला. जिला अक्षर येत नव्हतं आणि पुढे दिसतही नव्हतं तिने शिकवलं, असं सांगितलं असतं तर फार बोलावं लागलं असतं. मला हल्ली फार बोलायची सवय उरलेली नाही. कामोठ्याच्या घरात मी एकटीच असते.

मी सातवीत असताना काचबिंदूने तुझी नजर गेली. मिठागरावरचं काम सुटलं, पण संध्याकाळी खाडीच्या बांधावर जायचं तू सोडलं नाहीस. माझ्या खांद्यावर हात ठेवून तू चालतेस, मधेच थांबतेस. "काय दिसतं?" मी म्हणते, "खाडी छान दिसते." तू फटकारतेस, "छान तर मी बी बोलीन. डोळे माझे गेलेत, तोंड नाय. छान म्हंजे कशी?" मग मी पुन्हा बघते. पाणी ओसरलंय, चिखलात खेकड्यांची बिळं उघडी पडलीत, एक बगळा पाय उचलून तसाच थांबलाय. "कुठला पाय?" मला परत बघावं लागतं.

मग ती मे महिन्यातली संध्याकाळ. मिठागरात मातीचा भराव पडत होता. तुला सोसणार नाही म्हणून मी म्हटलं, "मिठाच्या राशी आहेत, पांढऱ्या, नेहमीसारख्या." तू पदराने तोंड पुसलंस, बोटांनी पदर चाचपलास. "मग ही धूळ कुठची?" तू बांधावरच बसलीस. "मला बरा वाटावा म्हणून बोलू नको. हाय ते सांग." मग सांगितलं. अर्धे वाफे मातीखाली गेलेत. पिवळं यंत्र उभं आहे, त्याच्या चाकांच्या चरात खारं पाणी साचलंय. तू काम करायचीस तिथे एकच रास उरलीय, तीही धुळीने तांबडी झालीय. तू खूप वेळ रडलीस. मग म्हणालीस, "आता दिसली." तेवढी शाबासकी मला नंतर कुणी दिली नाही.

तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून मी अजून मनातल्या मनात सांगत असते: समोरचा क्लास सुटला, एका मुलीच्या चपलेचा अंगठा तुटलाय, ती पाय घासत चाललीय. "मग?" असं विचारायला कुणी नसतं.

आज तुझ्याबद्दल लिहायला बसले. तुझ्या हनुवटीवर गोंदण होतं. ठिपके तीन होते की पाच, आठवेना. एकुलत्या एका फोटोत तू मान खाली घातलीयस. तुझ्यासाठी मी सगळीकडे बघत राहिले, आणि तू शेजारी असताना तुझ्याकडे बघायचं राहून गेलं. तीन लिहिलं असतं तरी वाचणाऱ्या कुणाला कळलं नसतं. दुपारी मी तीनच लिहिले होते, आई. मग खोडले.