अधिक महिन्याचं वर्ष

१ डिसेंबर, सोम.
नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं आणि प्रथमदर्शनीच अन्याय. महाशिवरात्र रविवारी. पंधरा ऑगस्ट शनिवारी. लक्ष्मीपूजन पुन्हा रविवारी. वार्ताहराला एरवीही सुट्टी नसते, पण तत्त्व म्हणून निषेध नोंदवून ठेवतो.
संपादकांचा फोन : 'शास्त्रीबुवा, पुढच्या वर्षाचे सण, सुट्ट्या, सामने. एक पान. शुक्रवारपर्यंत. संस्कृत कमी.'

३ डिसें., बुध.
पान भरतंय. काय वर्ष आहे! फेब्रुवारीत टी-ट्वेंटीचा विश्वचषक, तोही घरात. जूनमध्ये फुटबॉलचा. सप्टेंबरात आशियाई स्पर्धा, म्हणजे कबड्डी. आणि सगळ्यांच्या आधी, संक्रांतीला, आमच्या ग्रामदैवताची गड्डा यात्रा. त्यातल्या देवाच्या लग्नाची, अक्षता सोहळ्याची बातमी एकवीस वर्षं मीच देतो. विशेषणंही तीच.
संध्याकाळी लेकीनं, केतकीनं, कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलं : खो-खो, राज्य संघ निवड, अकलूज. नेमकी अक्षतांच्याच दिवशी. तो चौकोन भरून गेला. पोरगी खांबाला वळसा घालते तेव्हा मला अजून श्वास घ्यायचं सुचत नाही.

४ डिसें., गुरु.
म्हटलं, यंदा गड्डा दुसरं कुणी करेल, मी अकलूजला येतो.
'नको की बाबा. तिथं येऊन काय करणार? श्लोक म्हणणार?'
सौ. आतून : 'येऊ दे गं. वाचकांची तरी सुटका होईल.'
केतकी हसली. पण 'या' म्हणाली नाही.

५ डिसें., शुक्र.
पान पाठवलं. सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतात, त्या हिशेबानं गणपती १६ ऑगस्टला. मथळा : शनिवारी स्वातंत्र्यदिन, रविवारी बाप्पा. स्वतःवर खूष.

६ डिसें., शनि.
केतकीनं पान वाचलं. 'ऑगस्टात गणपती? अहो, अधिक महिना कुठं गेला? यंदा दोन ज्येष्ठ हायत की.'
वेदशाळेत सहा वर्षं काढलेला माणूस मी. छपाईला जायच्या आत धावत फोन. संपादक : 'शास्त्रीबुवा, पंचांग आम्ही तुमच्याकडून शिकायचं.'
पण चूक फळली. गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी. जोडून सुट्टी, निषेध अंशतः मागे. शिवाय बाप्पा बसलेले असतानाच आशियाई स्पर्धा. मंडपात कबड्डी बघायला मिळणार.
सौ. म्हणाली, 'धोंड्याचा महिना. जावई असता तर अनारसे करायला लागले असते.'
केतकी कॅलेंडरकडे बघत : 'बरंय की. एक महिना जास्तीचा मिळाला.'
सगळेच हसलो.

८ डिसें., सोम.
ते वाक्य डोक्यातून जात नाही. निवड जानेवारीत. जास्तीचा महिना हिला कशाला हवा?
सकाळी दारात चप्पल घालत होतो. ती जिना उतरत होती, मी दिसत नव्हतो. कठडा घट्ट धरून, तिरकी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी खाकरलो. उरलेल्या तीन पायऱ्या तिनं उड्या मारत संपवल्या.
दिवाळीच्या सुट्टीत सरावाला पडली होती. 'गुडघा मुरगळलाय जरा,' म्हणाली, विषय संपला. मीही संपू दिला. जास्तीचा महिना कशाला हवा, आणि अकलूजला येऊ नका का म्हणाली, ते आज कळलं.
संपादकांना सांगितलं, गड्डा दुसऱ्याला द्या. 'एकवीस वर्षांनी?' म्हटलं, हो.
केतकीला अजून सांगितलेलं नाही. गुडघ्याचंही विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग लाल पेनानं लिहिलेलं मलाच खोडायला लागेल. भीती वाटते.