वरची टीम आणि पुढचा मुहूर्त

मेरीलँड, ९ मार्च

तीर्थरूप आजोबांस विनुताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा नियम पाळते आहे. कागदावर, देवनागरीत लिहून मग फोटो काढून पाठवते आहे. चुका बाबांनी दुरुस्त केल्या, त्याबद्दल त्यांना रागावू नका, मीच मागे लागले होते.

बातमी अशी की मी शाळेच्या लॅक्रॉस टीममध्ये आले. लॅक्रॉस म्हणजे काठीच्या टोकाला जाळी असते, त्या जाळीत रबरी चेंडू झेलत पळायचं आणि समोरच्या गोलात मारायचा. मी गोलकीपर आहे. माझी जाळी सगळ्यांत मोठी, तरी दंडावर निळे डाग पडलेत. अम्मा ते बघून हळहळते आणि मी सगळ्यांना दाखवत फिरते.

आता नीट ऐका, कारण फोनवर सांगताना तुम्ही मध्येच बोलता. शाळेच्या टीम तीन. सगळ्यांत खालची फ्रेशमन, नववीच्या नवशिक्या मुलींची. मधली ज्युनिअर व्हार्सिटी, तिला सगळे जेव्ही म्हणतात. वरची व्हार्सिटी, तीच शाळेच्या नावानं राज्याच्या स्पर्धेत उतरते. निवड वयावर नाही, खेळावर होते. नववीतली एक मुलगी थेट व्हार्सिटीत गेली, आणि बारावीतल्या मुलीला बहुतेक जेव्हीत ठेवतच नाहीत, ती वर तरी जाते नाहीतर घरी. मी दहावीत, जेव्हीत. जेव्हीचे सामने मेच्या पहिल्या आठवड्यात संपतात, आमच्यासाठी राज्याची स्पर्धा नसते. पण आजोबा, मला व्हार्सिटी हवी आहे. रोज त्यांचा सराव संपेपर्यंत मी कुंपणाशी उभी राहते.

आजीला साष्टांग नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची,
विनुता


तंजावूर, १४ मार्च

चि. विनुतास गुरुमूर्ती आजोबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर सुधारले आहे, 'ळ' मात्र अजून मुरुक्कूच्या चकलीसारखा काढतेस.

तुझी जेव्ही मला लगेच कळली. मी या गावात आयुष्यभर पीटी मास्तर होतो, मला काय शिकवतेस? ती बी टीम. वाईट वाटून घेऊ नकोस, बी टीमच्या पोरांनीच माझे मैदान झाडले, आखले आणि सांभाळले. आपल्या मेलवीदी गल्लीत मात्र मी फक्त शाळेची टीम एवढेच सांगितले आहे. कोणती, ते कोणी विचारले नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.

आता माझी बातमी. मला ऐंशी पुरी झाली, तेव्हा शताभिषेकम ठरले आहे. हजार पौर्णिमा पाहिलेल्या म्हाताऱ्याला घागरींनी न्हाऊ घालतात आणि तो आपल्या बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधतो. वेंकटरमण शास्त्रींनी एकवीस मेची सकाळ काढून दिली. मांडवाचा हॉल, स्वयंपाकी, नादस्वरमचे वाजंत्री सगळे सांगून झाले. इथल्या पोरांना मेमध्ये सुट्टी असते आणि तुझी जेव्ही तोवर संपलेली, म्हणून मीच ती तारीख धरली. तू वर जाशील ही भीती नाही. एकदा टीमची नावे जिल्ह्याच्या ऑफिसात गेली की हंगामभर कोणी वर नाही, कोणी खाली नाही. तिकिटे काढायला तुझ्या बाबाला, मुरलीला सांग. तू शेजारी नसलीस तर मी पाटावर बसणार नाही, हे त्यालाही सांग.

आजी तुझ्यासाठी रेशमी परकर-पावडै शिवून घेते आहे, माप कळव. आठवण काढत जा.

तुझे आजोबा


मेरीलँड, २० एप्रिल

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

बसमध्ये लिहिते आहे म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. तुमचा नियम इथं चालत नाही, आजोबा. इथं हंगामाच्या मधेही जेव्हीतून वर घेतात, आणि मोठ्या स्पर्धेच्या आधी तर हमखास घेतात. व्हार्सिटीच्या राखीव गोलकीपरचा अंगठा मोडला. काल कोचनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि वरच्या टीमचा शर्ट माझ्या हातात दिला. मी दहा मिनिटं बाथरूममध्ये जाऊन रडले, आनंदानं.

पण राज्याची स्पर्धा मेमध्ये आहे. जिंकत गेलो तर फायनल इथल्या वीस मेच्या संध्याकाळी, म्हणजे तुमच्याकडे एकवीसची पहाट. म्हणून आज मी कोचला सांगितलं की माझ्या आजोबांचं शताभिषेकम आहे, मी जेव्हीतच राहते. शुक्रवारपर्यंत विचार कर, म्हणाल्या. विचार झाला आहे. तसंही पहिली गोलकीपर हॅना आहे, ती फार छान खेळते. मला एक मिनिटसुद्धा मैदानात जायला मिळणार नाही, नुसतं हेल्मेट घालून कडेला उभं राहायचं. तेवढ्यासाठी तुमचा दिवस चुकवणार नाही.

पावडैचं माप बाबा फोनवर सांगतील. मी ठीक आहे, खरंच. आशीर्वाद असावा.

विनुता


तंजावूर, २२ एप्रिल

चि. विनुतास कविता आत्याचे खूप आशीर्वाद.

तुझ्या आजोबांच्या आधी मी लिहिते आहे, कारण ते पेन आपटताहेत.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि जेवणाचं पान तसंच सोडून उठले. भर उन्हात मोपेड काढली आणि थेट शास्त्रींच्या घरी गेले. शास्त्री दुपारचे आडवे झाले होते, त्यांना उठवलं. माझं जन्मनक्षत्र सत्तावीस दिवसांनी फिरून येतं की नाही, एवढंच विचारलं म्हणे. येतं म्हटल्यावर उत्तरायण तोवर आहे की नाही, हेही विचारून घेतलं. झालं, मुहूर्त सतरा जूनला गेला.

घरात नुसता गोंधळ आहे. जूनमध्ये इथल्या शाळा उघडतात, मदुरैच्या मंडळींची तिकिटं निघाली आहेत, हॉलवाला तारीख बदलून द्यायला तयार नाही. आजी म्हणाली की मी साठ वर्षं या माणसाची वाट बघतेच आहे, अजून एक महिना बघीन. पण हसत म्हणाली, तू काळजी करू नकोस. आणि कोचना आधी फोन कर, शुक्रवार यायला वेळ लागत नाही.

तुझी आत्या


तंजावूर, २२ एप्रिल

चि. विनुतास आशीर्वाद.

मला फार राग आला आहे. वरच्या टीममधून नाव काढून घ्यायला तुला कोणी सांगितले? माझ्या नावावर तर मुळीच सांगायचे नव्हते.

नुसते कडेला उभे राहायचे, असे लिहितेस. अगं, राखीव गोलकीपर ही काय शोभेची बाहुली आहे? मी सामन्याला निघताना आधी राखीव पोराचे बूट तपासत असे, कारण खेळणाऱ्याला आपली पाळी ठाऊक असते, राखीव पोराला ती कधीही येते. तू एक मिनिट खेळलीस काय आणि नाही खेळलीस काय, हेल्मेट घालून तयार उभी राहा. चेंडूवरची नजर काढू नकोस. मी हजार पौर्णिमा पाहिल्या आहेत, अजून एक पाहीन. तुझी फायनल पुन्हा येईलच असे नाही.

आणि एक. मेलवीदीत मी आता व्हार्सिटी असे स्पष्ट सांगतो. कोणी विचारायची वाट बघत नाही.

आजोबा


मेरीलँड, १७ मे

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

आम्ही फायनलमध्ये. आम्ही फायनलमध्ये. हे मी वर्गातही दोनदा म्हटलं आणि बाईंनी बाहेर काढलं.

मी अजून एक मिनिटही खेळले नाही. सरावात मात्र हॅनाला गोल मारून मारून माझा हात दुखतोय. पहाटे पाचाला तुमच्याकडे इंटरनेटवर दिसेल, लिंक आत्याला पाठवली आहे. निळे शर्ट आमचे. कडेला सगळ्यांत बुटकी, हेल्मेटवाली, ती मी. पाहाल ना?

विनुता


तंजावूर, २१ मे, दुपार

चि. विनुतास, आजी, आजोबा, आत्या आणि एक हॉलभर माणसांचे आशीर्वाद.

हॉलवाला तारीख बदलेना, मदुरैची मंडळी परवाच येऊन थडकली, स्वयंपाकीही आला. मग मी म्हटले, विधी नाही तर नाही, जेवण तरी होऊ दे. कविताने कुठून तरी प्रोजेक्टर आणला. जिथे आम्ही दोघे बसणार होतो तिथे माझीच नेसायची नवी वेष्टी पडद्यासारखी ताणून बांधली आणि पहाटे सगळे पोंगलची खिचडी आणि कॉफी घेऊन समोर बसले.

पहिला अर्धा वेळ मी सगळ्यांना कडेची बुटकी मुलगी दाखवत होतो. हॅनावर गोलांमागून गोल चढू लागले तेव्हा मला तिची दया आली आणि, खोटे कशाला बोलू, मी खुर्ची पुढे ओढली. मग तुझी कोच तुझ्याकडे वळली. हॉलमध्ये कोणी घोटसुद्धा घेतला नाही. पहिलाच चेंडू तुझ्या खांद्यावरून आत गेला. शास्त्रींनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला ठाऊक होते की आता तुझे पाय जमिनीला लागले.

त्यानंतर तू जे अडवत गेलीस ते मी काय लिहू. ती उंच मुलगी मध्ये कोणी नसताना एकटी समोरून धावत आली आणि तू तिचा चेंडू जाळीत घेतलास, तेव्हा सगळा हॉल ओरडत उठला. आता ऐक. नादस्वरमच्या मंडळींना तारीख बदलल्याचे सांगायला मी विसरलो होतो. ती मध्यरात्रीच येऊन भिंतीला टेकून झोपली होती. ओरडा ऐकून ढोल वाजवणाऱ्या तविलवाल्याला वाटले की मंगळसूत्राची वेळ झाली, आणि त्याने डोळे उघडायच्या आत गट्टिमेळम सुरू केला. सगळी वाद्ये एकदम, शिगेला. बायकांनी सवयीने, अक्षता म्हणून, हाताला लागले ते वेष्टीवर उधळले. तुझ्यावर पोंगलचे काजू पडले. आणि तुझ्या आजीने मंगळसूत्रासाठी मान खाली घालून माझ्यापुढे केली.

एका गोलाने हरलात. रडताना दिसलीस. रड, मीही रडलो, माझे कारण वेगळे होते.

शास्त्री म्हणतात, गट्टिमेळम वाजला म्हणजे मुहूर्त लागला, आता जूनमध्ये नुसते जेवण घाला. मी सांगितले, तो विनुताचा मुहूर्त होता, माझा सतरा जूनला. पाटावर माझ्या शेजारी बस. येताना ते हेल्मेट घेऊन ये. तविलवाला सकाळपासून विचारतो आहे की आपण नक्की कोणासाठी वाजवले.

वाट पाहतो.

तुझे आजोबा